कोथिंबिरीचा उतारा आणि पालकाचे टनेज



ऊस, खत, पाणी आणि दर यांविषयी या अंकांतून आपण नेहमीच बोलतो. आज ताटाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. प्रश्न साधा आहे आणि घरोघरी निघतो. कच्च्या कोथिंबिरीत सत्त्व जास्त, की शिजवलेल्या पालेभाजीत? कोणी म्हणतो, शिजवले की सगळे जीवनसत्त्व जळून जाते, म्हणून कच्चेच खावे. कोणी म्हणते, चिमूटभर कोथिंबिरीने काय होणार, ती नुसती शोभेला. दोघांच्या बोलण्यात थोडे खरे आहे आणि थोडे चुकीचेही आहे.

हा वाद केवळ चवीचा असता तर आम्ही त्यात पडलो नसतो. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के निघाले. म्हणजे दर दोन बायांमागे एकीला ही तक्रार आहे. दम लागणे, थोड्या कामाने थकवा येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हातपाय गळणे या गोष्टी आपल्याकडे “कामाचा ताण” म्हणून सोडून दिल्या जातात. त्यातल्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ रक्तातल्या लोहाच्या कमतरतेत असते. सबब पालेभाजीतले लोह अंगी कसे लागते, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

शंभर ग्रॅमचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत लोह सुमारे ५ मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम दिले आहे. चुना, म्हणजे कॅल्शियम, कोथिंबिरीत सुमारे १४५ आणि पालकात सुमारे ८० मिलिग्रॅम. डोळ्यांना लागणारे ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून शरीर तयार करते ते कॅरोटीनही कोथिंबिरीतच जास्त आहे. ‘क’ जीवनसत्त्व मात्र पालकात ३० च्या आसपास आणि कोथिंबिरीत २४ च्या आसपास आहे. गरोदर बाईला फार गरजेचे असणारे फोलेट पालकात कोथिंबिरीच्या दुपटीहून जास्त आहे.

हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. त्याच संस्थेच्या १९८९ च्या आवृत्तीत कोथिंबिरीतले ‘क’ जीवनसत्त्व १३५ मिलिग्रॅम दिले होते, आणि पालकातले लोह अवघे १ मिलिग्रॅमच्या आसपास. एवढा फरक कसा, असे तुम्ही विचाराल. पण एकाच गावातल्या दोन शिवारांच्या उसाचा उतारा तरी सारखा कुठे येतो? जमीन, जात, हंगाम, पान कोवळे की जून, तोडून किती वेळ झाला आणि तपासण्याची पद्धत कोणती, या सगळ्यांवर आकडा बदलतो. पानाला माती चिकटून राहिली तर त्या मातीतले लोहसुद्धा मोजणीत येते. म्हणून आकड्याकडे अंदाज म्हणून बघावे.

तरी एवढे खरे की वजनाला वजन लावले तर कोथिंबीर ही सत्त्वाने दाट आहे.

ताटातला हिशेब

पण वजनाला वजन लावून जेवतो कोण?

समजा, एका शेताचा उतारा १२ टक्के आला, पण ऊस निघाला फक्त ५ टन. दुसऱ्या शेताचा उतारा ११ टक्के, पण ऊस निघाला ४० टन. पहिल्या शेताची साखर होईल ६०० किलो आणि दुसऱ्याची ४ हजार ४०० किलो. नुसता उतारा बघून पहिले शेत चांगले, असे कोणताही सभासद म्हणणार नाही. उतारा आणि टनेज यांचा गुणाकार बघावा लागतो. ताटातही हाच हिशेब चालतो.

आमटीवर आपण कोथिंबीर भुरभुरतो ती माणशी ५ ग्रॅमसुद्धा नसते. पालकाची भाजी मात्र माणशी १०० ग्रॅम कच्च्या पाल्याची सहज होते. आता गुणाकार करा. पाच ग्रॅम कोथिंबिरीतून लोह मिळते पाव मिलिग्रॅम, आणि पालकाच्या वाटीतून ३ मिलिग्रॅम, म्हणजे बारा पट. कॅरोटीनही पालकाच्या वाटीतून दहापटीहून जास्त मिळते. इतकेच काय, शिजवताना पालकातले ‘क’ जीवनसत्त्व निम्म्याहून जास्त गेले असे धरले, तरी वाटीत १० मिलिग्रॅमच्या आसपास उरते. चिमूटभर कोथिंबिरीत ते एक-सव्वा मिलिग्रॅमच असते.

म्हणून भाजीवर कोथिंबीर पेरली की पालेभाजी खाल्ल्यासारखेच झाले, ही समजूत मनातून काढून टाकावी. कोथिंबिरीचा उतारा चांगला आहे, पण आपण तिला टनेजच देत नाही. तिचे खरे काम बघायचे असेल तर ती मुठीने खाल्ली पाहिजे. माणशी २५ ग्रॅम कोथिंबिरीची चटणी वाटली तर सव्वा मिलिग्रॅम लोह आणि ६ मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व मिळते. ही मात्र दखल घेण्याजोगी भर आहे.

शिजवल्याने काय जाते, काय येते

शिजवले की सगळे जळते, हेही खरे नाही. लोह आणि कॅल्शियम ही खनिजे आहेत. ती चुलीवर जळत नाहीत. जातात ती पाण्यावाटे. भाजी उकडून पाणी पिळून फेकले तर त्या पाण्याबरोबर त्यांचा काही भाग गटारात जातो.

‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट मात्र नाजूक आहेत. ती पाण्यात विरघळतात आणि उष्णतेने नासतातही. पालक भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकले तर फोलेट जवळजवळ निम्मे जाते. हिरवा रंग टिकावा म्हणून कोणी खायचा सोडा घालतात. रंग टिकतो, पण सत्त्व जाते. भाजीत सोडा घालू नये.

कॅरोटीनची गोष्ट उलटी आहे. कच्च्या पानात ते पेशींच्या भिंतीआड अडकून असते. शिजल्यावर भिंती मऊ पडतात आणि ते आतड्याला जास्त मिळते. शिवाय त्याला थोडे तेल लागते. आपली तेलाची फोडणी आणि शेंगदाण्याचे कूट हे काम बरोबर करतात. म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वासाठी फोडणीची शिजवलेली भाजीच चांगली.

इथे एक फसगत टाळावी. शिजवलेल्या पालकाचे आकडे काही ठिकाणी कच्च्या पालकापेक्षा जास्त दिलेले असतात. शिजवल्याने लोह वाढले, असे कोणाला वाटेल. पण रस आटवला की ब्रिक्स वाढतो, म्हणून साखर नव्याने तयार होत नाही. भाजीही शिजताना आकसते आणि तेवढ्याच वजनात पाला जास्त बसतो. भलीमोठी पेंडी कढईत घातली की मूठभर होते, हे घरातल्या बायांना काही नवे नाही.

पालकात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते. त्यामुळे पालकातल्या कॅल्शियमपैकी शंभरात जेमतेम ५ भाग अंगी लागतात, तर दुधातले सुमारे २७ भाग लागतात. तेव्हा हाडांसाठी पालकावर विसंबू नये. दूध डेअरीला घालण्याआधी घरच्या पोरांचा आणि बाळंतिणीचा वाटा काढून ठेवावा. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक वरचेवर खाऊ नये, आणि खाल्लाच तर उकडून पाणी टाकून खावा. बाकीच्यांनी मात्र पाणी बेताचे घालावे आणि उरले तर ते आमटीत घालावे. मेथीत हे आम्ल कमी आणि कॅल्शियम पालकाच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणून आठवड्यात पालकाबरोबर मेथीलाही जागा द्यावी.

लोह असून पदरात का पडत नाही

आता मुख्य मुद्दा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळाले पाहिजे. पालकाच्या वाटीतून मिळाले ३. उरलेले बहुतेक लोह आपल्याला भाकरी आणि डाळीतून मिळते. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात ६ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ज्वारीत ४ च्या आसपास लोह असते.

पण वनस्पतींमधले लोह आतड्याला सहज उचलता येत नाही. धान्यातले फायटेट, पालकातली आम्ले आणि चहातले टॅनिन त्याला अडवतात. ढोबळ मानाने शंभरातले पाच-दहा भागच रक्तात जातात, बाकीचे जसे आले तसे बाहेर पडतात. पाटाला पाणी भरपूर सोडले, पण सरीत मधेच फुटले, तर पिकाला ते काय कामाचे?

ही गळती थांबवणारा हुकमी गडी म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. ते त्याच जेवणात पोटात गेले पाहिजे. सकाळी लिंबू-पाणी प्यायले आणि भाकरी-भाजी दुपारी खाल्ली, तर त्याचा उपयोग होत नाही. एकाच ताटात दोन्ही आले तर भाजीतले आणि भाकरीतलेही लोह दुप्पट-तिप्पट अंगी लागू शकते. त्यासाठी एका जेवणात निदान २५ मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व हवे.

इथे कच्च्या कोथिंबिरीला तिची जागा सापडते. पालकात आधीच थोडे उरलेले आहे. त्याला मूठभर कोथिंबिरीची ताजी चटणी, वरून अर्धे लिंबू आणि एखादा कच्चा टोमॅटो जोडला की हिशेब पुरा होतो. गळीत हंगामात पेरू बाजारात येतात. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त ‘क’ जीवनसत्त्व असते. जेवणानंतर अर्धा पेरू खाल्ला तर दुसरे काही बघायला नको. बांधावर पेरूचे झाड आणि आपण शहरातल्या टॉनिकच्या बाटल्या आणतो, याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात.

चहा मात्र जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेऊ नये. आपल्याकडे शेतात भाकरी सोडली की किटलीतला चहा येतो. निदान तासभर तरी मध्ये जाऊ द्यावा.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. लोह, कॅरोटीन आणि फोलेट यांची भर शिजवलेली भाजी घालते, कारण ती वाटीभर खाल्ली जाते. त्यातले लोह अंगी लावण्याचे काम कच्चा पाला, लिंबू आणि फळ करतात. एक ऊस आहे आणि दुसरी गिरणी. ऊस नसेल तर गिरणी काय गाळणार, आणि गिरणीच बंद असेल तर उसाचे करायचे काय?

कच्चे खाताना सांभाळा

शिजवलेल्या भाजीत उष्णतेने जंतू मरतात. कच्च्या पाल्यात ते तसेच पोटात जातात, आणि त्याबरोबर जंतांची अंडीही. जंत झाले की मिळवलेले रक्तही जाते. म्हणून सांडपाण्याच्या ओढ्यावर पिकवलेली कोथिंबीर कच्ची खाऊ नये. मुळे कापून, काड्या मोकळ्या करून, दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवावी. धुणे आधी, चिरणे नंतर. चिरून पाण्यात भिजत टाकली तर सत्त्व पाण्यात जाते.

ताजेपणाही महत्त्वाचा आहे. तोडलेला ऊस फडात वाळला की उतारा घटतो, हे आपण सोसलेले आहे. कोथिंबिरीचे तसेच. उन्हात सुकलेल्या जुडीतले ‘क’ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होते. बाजारातून चार दिवसांची जुडी आणणाऱ्या शहरवाल्यापेक्षा शेतकऱ्याची बाजू इथे वरचढ आहे. त्याने संध्याकाळी खुडावी आणि त्याच जेवणात खावी.

उसाच्या शिवारात भाजीला जागा

आमची खरी तक्रार इथे आहे. एके काळी बांधावर अंबाडी, चाकवत, तांदुळजा, घोळ आपोआप उगवत असे. पाणी आले, ऊस आला, बांध अरुंद झाले आणि तणनाशकाने उरलेसुरले नेले. एकरी पन्नास-साठ टन ऊस काढणारा सभासद आज कोथिंबिरीची जुडी बाजारातून विकत आणतो, आणि महाग झाली की आणतही नाही.

पूर्वहंगामी लागणीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत, उसाचे कोंब लहान असतात आणि सरीच्या बगलेला जागा मोकळी असते. मेथी महिन्याभरात आणि कोथिंबीर ३५ ते ४५ दिवसांत निघते. उसाने सावली धरायच्या आत रान मोकळे होते. धने रगडून दोन फाळ्या करून पेरावेत, म्हणजे उगवण चांगली होते. औषध चोळलेले बियाणे मात्र खाण्यात येऊ देऊ नये.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ज्या सरीत अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन किंवा टू-फोर-डी मारायचे आहे, त्या सरीत पालेभाजी घेऊ नये. भाजी तर जळेलच, आणि जळाली नाही तरी ती पोटात घालण्याजोगी राहणार नाही. फवारा वाऱ्याने उडत येईल अशा जागीही वाफा नको. त्यापेक्षा परड्यात दोन हात रुंद आणि चार हात लांब असे दोन वाफे करावेत आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावेत. न्हाणीचे साबणाचे पाणी शेवग्याला किंवा केळीला द्यावे, कोथिंबिरीला स्वच्छ पाणी द्यावे.

आजपासून काय करावे

१. आठवड्यातून निदान तीन-चार दिवस माणशी वाटीभर पालेभाजी. पालक, मेथी, माठ, शेवग्याचा पाला आलटून पालटून.

२. भाजी धुऊन मग चिरावी. पाणी बेताचे, झाकण घालून, बिनसोड्याची शिजवावी. फोडणी तेलाची द्यावी.

३. भाजी लोखंडी कढईत केली तर कढईचेही थोडे लोह मिळते. झाली की दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी.

४. कोथिंबीर कढई उतरल्यावर घालावी, आणि चिमटीने न घालता मुठीने घालावी. चटणी ताजी वाटावी.

५. त्याच ताटात लिंबू, टोमॅटो किंवा पेरू असावा. चहा तासभर लांब ठेवावा.

आता शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. वरचा सगळा हिशेब माणशी वाटीभर भाजी धरून केला आहे. आपल्या पुष्कळ घरांत पुरुष आणि पोरे आधी जेवतात, बाई शेवटी. तिच्या वाट्याला कढईच्या बुडाशी उरलेला चमचाभर रस्सा येतो. म्हणजे जिला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे तिलाच भाजी सर्वांत कमी. कारखान्यात काट्यावर वजनात खोट आली तर आपण गाडी पुढे जाऊ देत नाही. घरातल्या या काट्याकडेही कधीतरी बघावे. सगळ्यांनी एकत्र बसावे, नाहीतर निदान तिची वाटी आधी काढून ठेवावी. याला पैसा लागत नाही.

आणि हेही लक्षात घ्यावे की अशक्तपणा जास्त असेल तर तो नुसत्या भाजीने भरून निघत नाही. पी हळद आणि हो गोरी, असे इथे होत नाही. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असे समजतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या नेमाने घ्याव्यात आणि चहाबरोबर घेऊ नयेत. भाजी आणि चटणी त्या गोळ्यांच्या जोडीला असावी, त्यांच्या बदली नव्हे.

हा अंक घरी नेल्यावर हे पान घरच्या मंडळींना वाचून दाखवावे, आणि येत्या लागणीच्या वेळी बेण्याबरोबर पावशेर धनेही शेतावर न्यावेत, एवढीच विनंती.